फुजैरात सम्राटाचा महाल

चीनच्या सम्राटाचा महाल मी पाहिला आहे, असं मी आजही कुठल्याही पंक्तीत बेधडक सांगतो. लोकांचे घास हातातच राहतात. मग मी पाण्याचा एक घोट घेतो, सगळ्यांकडे एकदा बघतो आणि सांगतो की तिथे महाल नव्हताच. बायको या जागी आमटी भुरकते. तिला पुढचं सगळं पाठ आहे आणि तिच्या मते मी ते दर वेळी थोडं वाढवून वाढतो. आज ती भिशीला गेली आहे, म्हणून लिहून टाकतो.

दोन हजार साल उलटल्यानंतरची ती पहिली वर्षं. आम्ही फुजैरात राहायचो. दुबईचे मराठी लोक आमच्याविषयी "ते डोंगरापलीकडचे" असं म्हणायचे, जणू आम्ही लाकूडफाटा विकायला खाली उतरतो. खरं तर आमच्या खिडकीतून समुद्रात तेलासाठी थांबलेल्या जहाजांची रांग दिसायची आणि त्या तेलाच्या टर्मिनलवर मी पर्चेसमध्ये होतो. पाइप, व्हॉल्व्ह, गॅस्केट. रोमँटिक काही नाही. पण बोलायला तोंड होतं.

मराठी कुटुंबं मोजकी. गणपती सगळ्यांचा मिळून एकच, काकांच्या व्हिलातल्या हॉलमध्ये. काका आमचे अध्यक्ष. निवडणूक कधी झाली नव्हती. गल्फमध्ये सर्वांत आधी आले म्हणून अध्यक्ष. त्या वर्षी ते गावी साताऱ्याकडे घर बांधत होते. पुतण्या कुरियरने बांधकामाचे फोटो पाठवायचा आणि काकांकडे चहाला गेलेल्या प्रत्येकाला ते बघावे लागायचे. त्याशिवाय चहा यायचा नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहायच्या. पुण्याच्या कॉलेजातून आर्किटेक्ट झालेल्या, चांगल्या नंबराने. लग्न झालं, नवऱ्याची नोकरी फुजैरात, मग मुलगी, आणि ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर कपाटामागे गेला तो तिथेच राहिला. मुलगी शाळेत जायला लागल्यावर वहिनींनी दुबई-शारजात अर्ज केले. दोन ठिकाणी बोलावलं. दोन्हीकडे एकच प्रश्न, इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात?

"कुठे होते म्हणजे?" वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या. "फुजैरात होते, म्हटलं. तो हसला. मला वाटलं हसला म्हणजे घेणार."

त्यानंतर त्यांनी अर्ज करणं सोडून दिलं. दरवर्षी गणपतीची आरास तेवढी करायच्या, तीही काका सांगतील ती. काका दरवर्षी देऊळ सांगायचे.

माझी बायको मात्र कशाचीही आशा सोडत नाही. माझीसुद्धा सोडलेली नाही. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा नवरा शारजात स्वतःची कन्सल्टन्सी चालवायचा. सिव्हिल इंजिनियर, मराठी, कमी बोलणारा आणि, ऐकीव माहितीनुसार, कोणाची शिफारस न चालवणारा. बायकोने मैत्रिणीला फोन करून करून गणपतीतल्या शुक्रवारी सहकुटुंब जेवायला यायचं कबूल करून घेतलं.

"शिफारस नाही चालत ना? नको चालू दे," ती वहिनींना म्हणाली. "माणूस दर्शनाला येणार, म्हणजे आरास बघणारच. तू बघण्यासारखं काहीतरी कर. तोच तुझा इंटरव्ह्यू."

"देवळाचा इंटरव्ह्यू?" वहिनी म्हणाल्या. "थर्माकोलचं देऊळ काय, कोणीही कापतं."

आणि इथे मी प्रवेश केला. कंपनी मला व्हॉल्व्हच्या तपासणीसाठी चीनमध्ये शीआनला पाठवणार होती. त्या शहराबाहेर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटाचा महाल जपून ठेवला आहे, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. पूर्ण वाचलं नव्हतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "देऊळ खलास. यंदा बाप्पा सम्राटाच्या महालात. फोटो, मापं, सगळं मी आणतो."

वहिनींचे डोळे असे चमकले की मला थोडी भीतीच वाटली. लगेच त्यांनी मला बसवून सूचना दिल्या. भावजी, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो. नकाशाचा फलक असेल तर त्याचा. आणि प्रत्येक फोटोत एक माणूस उभा पाहिजे, म्हणजे मला उंची कळेल. नुसते सूर्यास्त आणू नका.

काकांनीही परवानगी दिली. "लाल खांब, सोनेरी छप्पर, कोपऱ्यावर ड्रॅगन," ते डोळे मिटून म्हणाले. सगळी मंडळी कामाला लागली. बाजारातल्या एसी आणि फ्रिजच्या दुकानांतून खोक्यांमधला थर्माकोल गोळा होऊ लागला. मी विमानात बसलो तेव्हा माझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी फॅक्टरीचा दुभाषा, एक उत्साही तरुण, मला महाल दाखवायला घेऊन गेला. हलका पाऊस होता. त्याच्याकडे काळी छत्री होती. शहर मागे पडलं, शेतं सुरू झाली, शेतांमधून एक कच्ची वाट, आणि गाडी थांबली. तो आदराने उभा राहून म्हणाला, "महाल."

समोर मातीचा एक प्रचंड उंचवटा होता. त्यावर गवत. गवतावर एक म्हातारा पतंग उडवत होता.

"महाल कुठे आहे?" मी विचारलं.

"तुम्ही महालावरच उभे आहात," तो म्हणाला. आणि मग हा पोरगा, ज्याने आठवडाभर व्हॉल्व्हखेरीज एक अक्षर काढलं नव्हतं, बोलतच सुटला. लाकूड जळून आणि कुजून गेलं. राहिली ती चोपून चोपून बसवलेली माती, एकावर एक थर. इथून तिथपर्यंत मुख्य दरबार. दक्षिणेकडून चढत चढत उत्तरेला सगळ्यांत उंच. सम्राट तिथे. वर काहीही पुन्हा बांधायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणाला, कारण बांधलं तर ते आपलं होईल, त्यांचं राहणार नाही.

हे मला त्या वेळी अजिबात पटलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे माझी बाल्कनी होती. पण सूचना म्हणजे सूचना. मी त्याला प्रत्येक कोपऱ्यावर छत्री घेऊन उभा केला आणि फोटो काढले. नकाशाचा फलक होता, तो काढला. शेवटी एका बैठ्या खोलीत उत्खननात सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या, आणि तिथे मात्र माझा जीव रमला. सांडपाण्याचे मातीचे पाइप होते, आणि ते गोल नव्हते, पंचकोनी होते. खाली सपाट, वर टोक, आपल्या घरासारखा आकार. एकात एक बसतील असे. मी पाइपवाला माणूस. अर्धा रोल तिथेच संपला.

परत आल्यावर फोटो धुऊन आले ते आमच्या डायनिंग टेबलावर पसरले. सगळी मंडळी वाकून बघत होती. वहिनींची मुलगी म्हणाली, "हू इज धिस अंकल? व्हाय इज ही इन एव्हरी फोटो?"

"ती मापाची पट्टी आहे," मी म्हणालो.

"आणि हे?" बायकोने पाइपांचे फोटो पत्त्यांसारखे हातात धरले. "चीनला जाऊन गटारं आणलीत?"

काका म्हणाले, "महालाचे फोटो दुसऱ्या पाकिटात आहेत का?"

मी सगळी हकिगत सांगितली, पतंगवाल्यासकट. लोक हसले, नंतर वैतागले, नंतर एकाने विचारलं की घरातल्या थर्माकोलचं आता काय करायचं. वहिनींनी मात्र छत्रीवाला एकेक फोटो उचलला, नकाशाच्या फलकाभोवती रचला, आणि ओढणीचा शेव कमरेला खोचला.

"मला सुपरमार्केटचे खोके लागतील," त्या म्हणाल्या. "पुठ्ठ्याचे. खूप."

त्यांना जसं होतं तसंच करायचं होतं. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवायचे. पुठ्ठ्याची कापलेली कड पन्हाळीदार दिसते, चोपलेल्या मातीच्या थरांसारखी. पूर्ण उंचवटा, दरबारांच्या जागा, खांबांचे दगड, उतार, पायऱ्यांच्या खुणा. वर महाल नाही. सर्वांत उंच जागी बाप्पा.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे पडक्या जागेत बसवायचा? अगं, आपण खंडित मूर्ती पुजत नाही. खंडित ताम्हनसुद्धा पूजेला घेत नाही. आणि बाप्पाला ढिगाऱ्यावर? वर्षाचा सण आहे, कुठे अपशकुन करता? त्या बीजिंगच्या महालासारखा लाल-सोनेरी करून टाक. लोकांना काय कळतंय?"

"येणाऱ्यांना कळेल," वहिनी म्हणाल्या.

"येणाऱ्यांसाठी गणपती बसवतो का आपण?"

हे मात्र खरं होतं आणि त्यामुळे जास्त लागलं. वहिनी फोटो गोळा करून वर निघून गेल्या. त्यांचा नवरा, भला माणूस, दिवसभर जहाजांची वेळापत्रकं लावायचा, तो जिन्यात मला म्हणाला, "जाऊ दे रे. लाल-सोनेरी तर लाल-सोनेरी. तिचं मन कशातरी रमलं म्हणजे झालं." मला त्या वाक्याचा राग आला, आणि मला राग सहसा येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी एकट्या काकांकडे चहाला गेल्या. एकट्या म्हणजे मी आणि बायको मागे होतोच. काकांनी नेहमीप्रमाणे अल्बम काढला. घराचं जोतं पूर्ण झालं होतं. लाल मातीत दगडी चौथरा, मधोमध नारळ, हळद-कुंकू, बाजूला गवंडी आणि पुतण्या हात बांधून. काकांनी तो फोटो सगळ्यांत जास्त वेळ धरला. वहिनींनी तो त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि शेजारी आमच्या छत्रीवाल्याचा फोटो ठेवला.

"काका, यातला पडका कोणता?"

काकांनी चष्मा वर केला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला.

"हे माझं जोतं आहे. यावर घर यायचंय."

"आणि यावर येऊन गेलंय. जोतं दोन्हीकडे शाबूत आहे. दोन हजार वर्षं शाबूत आहे, काका. खंडित काय झालंय त्यात? तुम्ही याच्यावर नारळ ठेवलात, मी बाप्पा ठेवते."

काकूंनी आतून विचारलं, "चहा आणू का?" काका म्हणाले, "थांब." हा शब्द त्या घरात चहाच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकला. साताऱ्याच्या त्या चौथऱ्यापासून इतक्या लांब राहून रोज त्याच्या खोल्या मनात बांधणारा माणूस होता तो. शेवटी म्हणाले, "पाट मात्र लाकडीच हवा. आणि पूजेची दिशा मी सांगेन ती." आणि थोड्या वेळाने, "ही माती दाबायचे कशी ते? आमच्या गवंड्याला विचारायला पाहिजे."

मग सुरू झालं काम. आमच्या दिवाणखान्यात पुठ्ठा, वरच्या दिवाणखान्यात पुठ्ठा. वहिनी मुलीला शाळेत सोडून यायच्या आणि कापायला बसायच्या. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. कोणी कड वाकडी कापली की सरळ परत द्यायच्या, माझ्या बायकोलाही. "चालेल," असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. माझी गटारंसुद्धा त्यांनी घेतली. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या पंचकोनी नळ्या वळून त्यांनी उंचवट्याच्या पोटातून नेल्या. कोणाला दिसणारही नव्हत्या.

"मग कशाला?" मी विचारलं.

"पाणी कुठूनतरी जायला हवं ना, भावजी," त्या म्हणाल्या, जणू तिथे पाऊस पडणार होता.

माझा वाटा प्रकाशयोजनेचा. मी बारीक तारेचं एक छप्पर वाकवलं आणि नायलॉनच्या दोऱ्याने असं टांगलं, की पडदे ओढून खालून दिवा लावला की मागच्या भिंतीवर महालाची वळणदार सावली पडावी. वहिनींनी ते कलेच्या नावाखाली सहन केलं.

शुक्रवार उजाडला. आरती झाली, मोदक झाले, आणि शारजाचे कन्सल्टन्सीवाले साहेब सहकुटुंब आले. उंच, सावळे, पांढरे केस. नमस्कार केला, प्रसाद घेतला. मी पडदे ओढले, दिवा लावला. भिंतीवर सम्राटाचा महाल उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते उंचवट्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "जरा उजेड करता का?"

मी पडदे उघडले. माझी कारकीर्द तिथे संपली.

साहेब गाल जमिनीला लागेल इतके वाकून पुठ्ठ्याच्या कडेवरून नजर लावत होते. त्यांनी बोटाने फॉइलच्या नळीचं तोंड शोधून काढलं.

"हे ड्रेन आहेत?"

"हो," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता.

"उतार उलटा आहे. पाणी आत येईल."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने बाप्पाकडे पाहिलं. वहिनींचा नवरा पुढे होऊन काहीतरी सावरणारं बोलणार, एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "नाही, उलटा नाही."

"मॅडम, मी तीस वर्षं ड्रेन करतोय."

"असेल. पण तुम्ही दक्षिणेकडून बघताय. तिथून उंचवटा चढतो, म्हणून तुम्हाला नळी आत उतरल्यासारखी वाटते. इकडे या. नाही, तिथून नाही, इथे बसा." त्यांनी साहेबांना बोटाने जागा दाखवली. आपला इंटरव्ह्यू चालू आहे हे त्या साफ विसरल्या होत्या. काकूंनी तोंडाला पदर लावला.

साहेब उठले, त्यांनी दाखवलेल्या जागी बसले, पुन्हा वाकले. "मला अजूनही पटत नाही."

"मग पाणी घाला," वहिनी म्हणाल्या.

पूजेच्या पंचपात्रातलं पाणी काकांना न विचारता उचलण्याचं धाडस त्या हॉलमध्ये आजवर कोणी केलं नव्हतं. वहिनींनी ते उचललं आणि पळीने वरच्या दरबारात पाणी सोडलं. आम्ही सगळे गुडघ्यांवर. काहीच होईना. पाणी सम्राटाच्या पोटात कुठेतरी विचार करत होतं. आणि मग उत्तरेच्या कडेला, फॉइलच्या टोकावर एक थेंब आला, थांबला, आणि टपकला. त्यामागून बारीक धार लागली.

"कार्पेट," काका म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.

साहेबांनी ती धार संपेपर्यंत पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग आहे का याचं?"

ड्रॉइंग होतं. कपाटामागचा टी-स्क्वेअर कधी बाहेर आला होता ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. वहिनी धावत जाऊन गुंडाळी घेऊन आल्या. साहेबांनी जेवणाच्या टेबलावरची वरणाची वाटी बाजूला सरकवून ती उलगडली, आणि मग दोघं जे बोलू लागली त्यातलं आम्हाला काहीही कळलं नाही. पुऱ्या गार झाल्या.

निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

तोच प्रश्न. पण या वेळी विचारणाऱ्याला उत्तर हवं होतं असं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "इथेच."

"उद्या ऑफिसला फोन करा. गाडी चालवता येते?"

"नाही."

"मग शिका. शारजा लांब आहे. रोज कोण आणून सोडणार?"

फुजैरातून शारजा म्हणजे डोंगर ओलांडून मसाफी, धैद आणि मग सरळ वाळवंट. आणि इथलं ड्रायव्हिंग लायसन्स म्हणजे काय चीज आहे हे ज्याने काढलं त्यालाच कळतं. वहिनी कितीतरी वेळा नापास झाल्या. परीक्षा घेणारी पोलीसबाई दोन वळणांनंतर शांतपणे "खलास, मामा", म्हणजे "संपलं, बाई", असं म्हणून त्यांना उतरवायची. त्यांचा नवरा एकदा म्हणाला, "इन्शाल्ला पुढच्या वेळी," आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, त्यात मन रमवण्याचा सूर नव्हता. दर शुक्रवारी तो शेजारच्या सीटवर हातात रुमाल घट्ट धरून बसायचा आणि वहिनी समुद्राकाठच्या रिकाम्या कॉर्निश रस्त्यावर पार्किंगचा सराव करायच्या. मुलगी मागून ओरडायची, "ममा, यू आर टू फार फ्रॉम द कर्ब." तोवर साहेब घरी ड्रॉइंग पाठवत राहिले, वहिनी करून परत पाठवत राहिल्या. लायसन्स थंडीत मिळालं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

पुढच्या वर्षी कधीतरी मला कंपनीच्या पाइपांसाठी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये जावं लागलं. उन्हाने सगळं पांढरं झालं होतं. एका मोकळ्या प्लॉटवर हेल्मेट घातलेली एक बाई मलबारी फोरमनशी हिंदीत वाद घालत होती, आणि हातवारे ओळखीचे वाटले म्हणून मी गाडी थांबवली. वहिनीच होत्या. नाक उन्हाने सोललेलं, बुटांना सिमेंट.

"काय बांधताय?" मी विचारलं. "गोदाम?"

"गोदाम दुसऱ्याकडे आहे. माझ्याकडे कंपाउंड वॉल."

"फक्त भिंत?" मी म्हणालो. मला बायकोने हजारदा सांगितलं आहे की मी नको तिथे बोलतो.

पण वहिनींनी ते ऐकलंच नाही. त्या वाकून जमिनीवरच्या चुन्याच्या पांढऱ्या रेषेकडे बघत होत्या, इथून दूरवर समुद्राच्या दिशेने गेलेली, सरळसोट. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर फक्त नवी सायकल मिळालेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

"भावजी, जरा सरका," त्या म्हणाल्या. "माझ्या लाइनवर उभे आहात."

मी सरकलो.